दुसऱ्याच्या हातची वेस्ट

मैदानावर मला गोळी लागली की पलीकडून आरोळी यायची, "वहिनी मेल्या!" अंगावर छर्रे मारतानाही आमच्या टीमनं माझा मान कधी सोडला नाही. मारायचं ते बेधडक मारायचं, पण अहोजाहो करून.

खेळाचं नाव एअरसॉफ्ट. बंदुका दिसायला खऱ्यासारख्या, आतून लहान वाटाण्याएवढे प्लास्टिकचे छर्रे सुटतात. लागला तर जीव जात नाही, पण कातडीवर लाल चट्टा उठतो आणि दोन दिवस हुळहुळतो. डोळ्यांना जाड चष्मा, तोंडाला जाळीचा मुखवटा आणि अंगात वेस्ट, म्हणजे बिनबाह्यांचं जाड जाकीट. वेस्टवर आडव्या पट्ट्या शिवलेल्या असतात आणि त्यांत हवे तिथे पाऊच अडकवायचे असतात: भरलेल्या मॅगझिनचे, म्हणजे बंदुकीत खोचायच्या छऱ्यांच्या डब्यांचे, छऱ्यांच्या बाटलीचा, वॉकीटॉकीचा, आणि रिकामी मॅगझिन टाकायची थैली. शिवाय एका लाल फडक्याची जागा. छर्रा लागला की खेळाडूनं आपण होऊन "लागली" म्हणायचं, फडकं काढून डोक्यावर धरायचं आणि चालत बाहेर यायचं. फडकं दिसेपर्यंत समोरचा मारत राहू शकतो. तसा नियम आहे, आणि मार दुसऱ्याला बसत असेल तेव्हा आमच्याकडे नियम फार मन लावून पाळतात.

मैदान कळंबच्या बाजूला. कुणीतरी समुद्राजवळ कॉटेजं बांधायला घेतली होती, ती कमरेएवढ्या भिंतींवर येऊन थांबली. मालकानं तिथे टायर, पत्र्याचे ड्रम, प्लायवूडचे आडोसे टाकले आणि रविवारी आमच्यासारख्यांना मोकळं करून दिलं. आम्ही सहाजण होतो. चाळिशी ओलांडलेला कॅप्टन, त्याचे दोन भाचे, औषधं विकत फिरणारा एक जाडा, माझा नवरा आणि मी. कॅप्टन फौजेत कधीच नव्हता. शाळेत कवायतीला पहिल्या रांगेत उभा राहायचा, एवढीच त्याची फौजेशी ओळख. पण बोलायला लागला की वाटावं, सीमेवरून आत्ताच सुट्टीवर आलाय.

मी आधी माझ्याविषयी सांगते, कारण टीममध्ये मला कुणी विचारलं नाही. माझं माहेर मिठागराचं. आईबाप मिठाच्या आगरात राबले, तळव्यांना भेगा घेऊन. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी सगळीकडे सांगते आणि सांगायला मला लाज वाटत नाही. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात स्टोअर माझ्या ताब्यात आहे. बेअरिंगपासून हातमोज्यांपर्यंत कुठली वस्तू कुठल्या फळीवर ठेवली की माणसाला वाकावं लागत नाही, शोधावं लागत नाही, हे मला कळतं. नवरा इंजिनियर. त्याचे वडील इंजिनियर, काका इंजिनियर. त्यांच्याकडे पदवी म्हणजे घरात फ्रिज असतो तशी असते, कुणी त्याबद्दल बोलत नाही. आम्ही उमेळ्याला नव्या बिल्डिंगीत राहतो. सासूबाई आमच्याबरोबर असतात.

आणि मी डावखुरी आहे.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी पंगतीत डाव्या हातानं भात वाढला. सासूबाईंनी सगळ्यांसमोर माझा हात मनगटाला धरून बाजूला केला. "आमच्यात असं वाढत नाहीत." नवरा समोर पानावर बसला होता. त्यानं पान जरा पुढे सरकवलं, म्हणजे मला उजव्या हातानं वाढायला सोपं जावं म्हणून. तेव्हापासून मी उजव्यानं वाढते. लिहिते डाव्यानं. बंदूकही डाव्याच खांद्याला लावते, आणि ह्याचं मैदानावर वर्षभरात कुणाला काही वाटलं नव्हतं.

खेळायला मला नवऱ्यानंच नेलं होतं, पहिल्यांदा. फोटो काढायला. फोटो काढून झाल्यावर एक भाचा आजारी पडला म्हणून मला त्याच्या जागी उभं केलं. मग मी थांबलेच नाही. नवऱ्यानं स्वतःला नवी वेस्ट घेतली आणि जुनी मला दिली. तिचे पट्टे शेवटच्या टोकापर्यंत आवळले तरी ती माझ्या अंगात पोत्यासारखी व्हायची. पण मी वेगानं पळायचे, लपून राहायचे, आणि मला घाई नसायची. बऱ्याचदा मी मरून बाहेर यायचे तेव्हा नवरा आधीच ड्रमवर बसलेला असायचा, डोक्यावर लाल फडकं घेऊन, नवस फेडायला आल्यासारखा.

"आलीस?" तो विचारायचा.

"तू कधीचा आलायस?"

"आत्ताच." त्याच्या हातातला चहा अर्धा संपलेला असायचा.

मग खाडीपलीकडच्या एका टीमनं सामन्याचं बोलावणं धाडलं. पाच विरुद्ध पाच. आम्ही सहा. कॅप्टन आपलं नाव कापणार नव्हता, भाचे त्याचे, आणि जाड्याच्या गाडीतून सगळं सामान जायचं. उरली एक जागा, आणि उरलो आम्ही नवराबायको. मला ती जागा हवी होती. शाळेपासून मला जे मिळालं ते मार्कांवर मिळालं, ओळखीवर काही मिळालं नाही. इथेही मला वाटत होतं की जो बरा खेळतो तो जाईल.

निवड रविवारी होती. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, नवरा म्हणाला, "तू नाव मागे घेतलंस तर बरं दिसेल."

"कुणाला?"

"सगळ्यांनाच."

"सगळ्यांना म्हणजे तुला."

"मी तुझ्यासाठी म्हणतोय. तिकडे बाथरूमची सोय नसते."

"कळंबला आहे? वर्षभर मी काय करत असेन, विचारलंस कधी?"

 आतून सासूबाई म्हणाल्या, "अगं, पुरुषांच्या खेळात आपण जिंकलो तरी हरल्यासारखंच." मी "हो आई" म्हटलं. घरात मी त्यांच्यासमोर नवऱ्याला अहो म्हणते आणि त्यांना हो म्हणते. दोन्ही तोंडदेखलं.

रविवारी कॅप्टननं निवडीची पद्धत सांगितली. ही त्याची जुनी पद्धत, ज्याचं त्याला फार कौतुक. निवडीच्या दिवशी आपली वेस्ट आपण लावायची नाही. सगळे पाऊच काढून ताडपत्रीवर ढीग घालायचा आणि जोडीदारानं आपली वेस्ट लावायची. मग तीच घालून खेळायचं.

"लढाईत जोडीदारावर विश्वास लागतो," कॅप्टन म्हणाला. "तो जखमी झाला तर त्याच्या वेस्टमध्ये हात घालायची वेळ येते. तुम्हाला त्याचं अंग पाठ पाहिजे. लावणाऱ्यालाही मार्क, घालणाऱ्यालाही मार्क."

लढाई म्हटल्यावर मी समोर बघितलं. समोर एक बकरी प्लायवूड चाटत होती.

"नवराबायकोची जोडी तर ठरलेलीच," जाडा म्हणाला. "हार घातले तशा वेस्ट घाला एकमेकांना. उखाणा पण होऊन जाऊ दे."

"तुमचा जोडीदार कोण?" मी विचारलं.

"माझा? हा भाचा."

"मग त्याला सांगा, पोटाखाली काही लावू नको. तुम्हाला दिसायचं नाही."

भाचे फिदीफिदी हसले. आम्ही ताडपत्रीवर बसलो.

पाऊच लावणं म्हणजे खाट विणण्यासारखं काम आहे. पाऊचच्या मागे उभी पट्टी असते. ती एकदा वेस्टच्या आडव्या पट्टीतून काढायची, एकदा पाऊचच्याच पट्टीतून, पुन्हा वेस्टच्या, आणि शेवटी बटण दाबायचं. एक ओवणी चुकवली तरी वरून सगळं ठीक दिसतं. पळायला लागलं की लोंबतं.

मी नवऱ्याची वेस्ट मांडीवर घेतली. वाईट लावायचा विचार मनात आला का? आला. फडकं पाठीला लावलं असतं, मॅगझिन खांद्याजवळ खोचली असती, तर तो दोन मिनिटांत ड्रमवर गेला असता. पण वाईट काम माझ्या हातून होत नाही. ह्यात चांगुलपणा नाही, गर्व आहे. माझ्या फळीवरची वस्तू चुकीच्या जागी आहे असं कुणी म्हणालेलं मला चालत नाही. शिवाय लावणाऱ्याला मार्क होते, आणि मार्क म्हटल्यावर मी सोडत नाही.

नवरा घाबरला की पालथा पडतो. हे त्याला स्वतःला ठाऊक नाही. त्याला वाटतं तो मांडी घालून नेम धरतो. म्हणून मी त्याच्या पोटाचा मधला भाग सपाट सोडला आणि मॅगझिन डाव्या कुशीकडे नेली, जरा तिरकी, म्हणजे पालथा पडल्यावरही डावा हात खाली घातला की लागतील. तो वस्तू शोधताना मान खाली घालतो आणि तेवढ्यात मार खातो, म्हणून मॅगझिनच्या टोकांना मी चिकटपट्टी दुमडून कानशा, म्हणजे कानासारखी लहान टोकं, काढल्या. बोटांना कळल्या की डोळे खाली जात नाहीत. वॉकीटॉकी डाव्या खांद्याशी. लाल फडकं उजव्या छातीवर, टोक बाहेर. रिकाम्या मॅगझिनची थैली डाव्या कुल्ल्यामागे, कारण तो हातातली वस्तू मागे भिरकावतो, घरीही मोजे तसेच भिरकावतो. पाच वर्षं मी त्या माणसाला बघत होते. ते सगळं बघणं त्या वेस्टवर ओवलं.

तो माझी वेस्ट लावत होता. म्हणजे जाड्याशी गाडीच्या सर्व्हिसिंगबद्दल बोलत होता आणि हात आपले चालत होते. माझं अर्धं झालं तेव्हा त्याचं संपलं.

वेस्ट अंगात घातली आणि मला कळलं. डावा हात बंदुकीच्या मुठीवर असतो, म्हणजे मॅगझिन बदलायचं काम माझा उजवा हात करतो. मॅगझिन उजवीकडे हवी. त्यानं सगळी डावीकडे लावली होती. उजवीकडे वॉकीटॉकी. पोटाच्या बरोबर मधोमध छऱ्यांची बाटली, पालथं पडले तर मी कासवासारखी डुगडुगणार. फडकं मॅगझिनच्या खाली दाबलेलं. बटणं लागली होती, ओवण्या गाळल्या होत्या.

"हे उलटं लावलंयस," मी म्हटलं.

"बरोबर लावलंय," तो म्हणाला. "तूच उलटी आहेस."

सगळे हसले. कॅप्टनसुद्धा. ते हसणं ऐकून नवऱ्याला जरा धीर आला.

"वर्षभर मी डाव्या खांद्यावरून मारते. तू शेजारी असतोस."

"मग आता उजव्याची सवय लाव. आईनं वाढायची लावलीच ना?"

मी पाऊचला हात घातला. कॅप्टननं शिट्टी फुंकली. "वहिनी, लावलेल्याला हात लावायचा नाही."

"सर, ही उजव्या हाताच्या माणसाची वेस्ट आहे."

"जोडीदारावर विश्वास ठेवा," कॅप्टन म्हणाला आणि भिंतीमागे गेला.

कॅप्टन, जाडा आणि एक भाचा एका बाजूला. नवरा, दुसरा भाचा आणि मी दुसऱ्या. बंदुकीतलं पहिलं मॅगझिन होतं तोवर माझं चांगलं चाललं. मी टायरांच्या रांगेमागून सरकत गेले आणि त्यांच्या भाच्याला मांडीत मारला. कॅप्टनच्या डोक्यावरून दोन गेले, त्यानं मान आत घेतली. मग बंदूक रिकामी झाली. माझा उजवा हात गेला तो नेहमीच्या जागी, आणि हातात आला वॉकीटॉकी. बटण दाबलं गेलं असावं, कारण सगळ्यांच्या खांद्यांवरून माझाच श्वास ऐकू यायला लागला. जाडा ओरडला, "वहिनी, बोला, बोला, लाइनवर आहे!"

मी हात पोटावरून पलीकडे नेला आणि पाऊच ओढला. मॅगझिन निघालं नाही. पाऊचच निघाला, मॅगझिनसकट, लोंबत्या पट्टीसकट. मी तो हातात धरून बसले होते आणि जाडा भिंतीवरून समोर उभा राहिला.

पहिला छर्रा दंडाला लागला. "लागली!" मी म्हटलं.

"फडकं दाखवा, वहिनी!" म्हणाला आणि दुसरा मारला. मी फडकं शोधत होते. उरलेल्या दोन पाऊचांच्या खाली बोटं जात नव्हती. "फडकं, वहिनी, फडकं!" प्रत्येक वेळी वहिनी म्हणायचा आणि प्रत्येक वेळी मारायचा. मानेला लागला, कानामागे लागला, उघड्या मनगटावर लागला. मी पाठ फिरवली तर पाठीत. शेवटी माझ्या तोंडून घरची बोली बाहेर पडली, जी मी कॉलेजच्या पहिल्या वर्षी गिळली होती.

"अरे थांब म्हनते ना!"

तो थांबला. माझ्या म्हणण्यामुळे नाही, हसू आलं म्हणून. "म्हनते!" तो भिंतीवर हात आपटून म्हणाला. "सर, ऐकलंत का? वहिनी म्हनते म्हनल्या!" आणि मग, आठवण झाल्यावर, नेहमीची आरोळी: "वहिनी मेल्या!"

मी फडकं उपसून ड्रमवर जाऊन बसले. तिथून मला नवरा दिसत होता. तो पालथा पडला होता, मी म्हटलं होतं तसाच. त्याचं मॅगझिन संपलं. डावा हात खाली गेला, कानशी बोटांना लागली, नवं मॅगझिन आलं, जुनं मागे भिरकावलं ते थैलीत पडलं. मान वर, डोळे समोर. त्यानं जाड्याला मारलं. सरकला, पुन्हा हात खाली, पुन्हा मिळालं. कॅप्टनलाही मारलं. वर्षभरात पहिल्यांदा तो शेवटपर्यंत जिवंत राहिला. इतका तयारीचा दिसत होता की ओळखू येईना. माझ्या मानेची आग होत होती आणि तरी मी मनात म्हणत होते, बघा, कशी बसलीय. वेस्ट.

खेळ संपल्यावर कॅप्टननं सगळ्यांना उभं केलं. आधी आमच्या दोन्ही वेस्ट फिरवून बघितल्या, ओवण्या ओढून बघितल्या.

"लावण्यात वहिनी पहिल्या. असं काम मी टीममध्ये पाहिलं नाही. खेळण्यात मात्र आजचा दिवस त्यांचा नव्हता. पाचवी जागा ह्याची."

भाच्यांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्यानं लाजल्यासारखं केलं.

"आणि त्यानं माझी लावली, त्याचे मार्क?" मी विचारलं.

"डावऱ्या माणसाची वेस्ट लावायची म्हणजे अवघडच की. त्याला सरासरी धरले."

"माझे मार्क माझ्या नावावर का नाहीत मग?"

"आहेत ना! म्हणून तर सांगतोय." कॅप्टन खूश होऊन पुढे आला. "सामन्याला तुम्ही यायचंच. आमच्या पाचही जणांच्या वेस्ट तुम्ही लावायच्या. टीमचा टी-शर्ट तुम्हालापण. मागे वहिनी असं छापू."

नवऱ्याचा चेहरा उजळला. त्याला खरंच आनंद झाला होता, ते मला अजून आठवतं. "बघ," तो म्हणाला. "म्हटलं होतं ना? तुझीपण सोय झाली."

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "हात वर कर."

त्याला वाटलं वेस्ट काढायला मदत करतेय. त्यानं दोन्ही हात वर केले. मी पहिल्या मॅगझिनचं बटण सोडलं आणि पट्टी ओवण्यांतून उलटी काढत आले. पाऊच ताडपत्रीवर टाकला. मग दुसरा.

"काय करतेयस?"

"माझं काम काढून घेतेय."

"अगं, आता राहू दे ना, सामन्यापर्यंत तशीच ठेवू."

"हात वर."

त्यानं हात वरच ठेवले. का ते मला सांगता येणार नाही, बहुतेक माझ्या आवाजानं. जाडा मागून म्हणाला, "वहिनी, नवऱ्याला उघडा घरी जाऊन करा!"

"तुम्हाला केलं असतं," मी मागे न बघता म्हटलं, "पण एवढी ताडपत्री कुठून आणू?"

आता भाचे हसले नाहीत. वॉकीटॉकीचा पाऊच काढला, थैली काढली, कानशा उचकटल्या. फडकं त्याच्या वर केलेल्या हातात दिलं. वेल्क्रोचा आवाज त्या मोकळ्या जागेत कापड फाटल्यासारखा येत होता. शेवटी त्याच्या अंगावर नुसती पट्ट्यापट्ट्यांची वेस्ट राहिली आणि पायाशी ढीग.

"घे. लाव आता."

कॅप्टन म्हणाला, "वहिनी, हे खिलाडूवृत्तीला धरून नाही."

"सर, तुम्ही मला खेळाडू धरलंच नाही. मग वृत्ती कुठून आणू?"

आणि मी रिक्षेनं घरी आले.

तो आठवडाभर रोज संध्याकाळी हॉलमध्ये बसून पाऊच लावत होता. लावायचा, घालायचा, आरशात बघायचा, काढायचा. सासूबाई म्हणाल्या, "दे गं लावून त्याला, बिचारा केव्हाचा बसलाय." मी म्हटलं, "त्यांना जमेल आई, इंजिनियर आहेत." एकदा त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, "मॅगझिन किती तिरकी होती?" मी टीव्हीचा आवाज वाढवला.

सामन्याच्या दिवशी तो संध्याकाळी परत आला तेव्हा मुखवट्याच्या कडेनं हनुवटीपर्यंत चट्टे होते. ते हरले. सगळ्यांत आधी तो बाहेर गेला, आणि सगळ्यांत हळू, कारण फडकं सापडेना. हे त्यानं सांगितलं नाही, शर्ट काढल्यावर पाठीनं सांगितलं. तो पलंगावर आडवा झाला, तोंड उशीत. सासूबाईंनी मलमाची डबी माझ्या हातात दिली. मी डाव्या हाताच्या बोटांवर मलम घेतलं. त्या बघत होत्या.

"कुठे दुखतंय?" मी विचारलं.

"तिथेच," तो म्हणाला. मी तिथेच दाबलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. कॅप्टन.

"वहिनी, झालं गेलं सोडा. त्यांनी परतीचा सामना मागितलाय. तुमच्यावाचून वेस्टचं काही खरं नाही."

"खेळायला बोलावताय?"

"लावायला. म्हणजे आधी लावायला."

"खेळायला असेल तर बोला."

 तो आवाज खाली आणून म्हणाला, "पण जागा पाचच आहेत हो. काढू कुणाला?"

मी मलमाचा हात पलंगपोसाला पुसला.

"थांबा," मी म्हटलं. "तो इथेच पडलाय. फोन त्याच्या कानाला लावते, तुम्हीच सांगा त्याला."